ऑपेरा हाऊस ते कुर्ला: सुट्या भागांच्या भावाची गोष्ट

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंगच्या दुकानात शिरलेलं जाणतं गिऱ्हाईक गाडीचं नाव सांगत नाही, आकडा सांगतं. ‘बासष्ट शून्य चार द्या.’ 6204 म्हणजे आतलं भोक 20 मिलिमीटरचं, बाहेरचा व्यास 47, रुंदी 14. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की भोकाचं माप निघतं, हे दुकानातल्या पोऱ्यालाही पाठ असतं. (03 आणि त्याखालचे आकडे या हिशेबात बसत नाहीत, 6203 चं भोक 17 चं; तेही त्याला पाठ असतं.) आकड्यापुढची अक्षरंही वाचावी लागतात. झेडझेड म्हणजे दोन्ही अंगांना पत्र्याचं झाकण, आरएस म्हणजे रबरी सील, सी-थ्री म्हणजे आत जरा जास्त ढिलाई. ही भाषा जगभर एकच आहे, त्यामुळे हेच बेअरिंग पाण्याच्या पंपातही बसतं आणि गाडीतही. मात्र तेच एखाद्या मोटार कंपनीच्या छापील डब्यातून, होलोग्राम लावून आलं की भाव दुसरा.

एकच वस्तू, दोन डबे, दोन भाव. मोटारीच्या सुट्या भागांचा मुंबईतला व्यापार या फटीवरच उभा राहिला. कधी तिच्यात आयातीचा परवाना जाऊन बसला, कधी जकात, कधी कंपनीचा करार. गाडीमालक मात्र पिढ्यान् पिढ्या एकच प्रश्न विचारत आले: स्वस्त कुठे मिळेल? या प्रश्नाचं उत्तर पत्त्यापेक्षा माहितीत जास्त असतं. डब्याच्या आत नेमकं काय आहे आणि ते आणखी कोणत्या डब्यात मिळतं, हे ज्याला कळतं त्याला भाव मिळतो. बाजार बदलत गेले ते या माहितीच्या मागोमाग.

पहिला बाजार ऑपेरा हाऊसचा. पंचम जॉर्ज बादशहांनी 1911 मध्ये रॉयल ऑपेरा हाऊसचं उद्घाटन केलं तेव्हा नाट्यगृहाचं कामही पुरतं झालं नव्हतं. त्याच साली मुंबईच्या रस्त्यांवर घोड्यांच्या गाड्यांच्या जोडीला मोटार-टॅक्सी आल्या. नाट्यगृहाच्या एका अंगाला गिरगाव, खेतवाडी, ग्रँट रोड: चाळी, कारखाने, हाताला काळं लागलेले कारागीर. दुसऱ्या अंगाला ह्यूजेस रोड आणि मलबार हिल: बंगले आणि पोर्चमधल्या गाड्या. मोटारीची दुकानं या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, न्यू क्वीन्स रोड आणि लॅमिंग्टन रोडच्या आसपास थाटली जावीत, यात नवल नाही. या भागातल्या एका जुन्या कंपनीचं नावच ‘बॉम्बे सायकल अँड मोटर एजन्सी’. सायकलवाल्यांनी मोटारीत उडी घेतली तो काळ त्या पाटीवर जसाच्या तसा राहिला.

तेव्हा भावाचा प्रश्न सोपा होता, कारण पर्याय नव्हता. एजंट एक, छापील किंमतपत्रक एक, आणि माल बोटीने यायचा. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली, फोर्डनेही मुंबईत बस्तान बसवलं. या कारखान्यांत गाडी ‘बनत’ नव्हती, पेट्यांतून आलेले भाग जोडले जात होते. तरी त्यातून एक गोष्ट घडली. गाडी म्हणजे मोजता येतील, मांडून ठेवता येतील, नंबर घालून विकता येतील अशा तुकड्यांचा ढीग आहे, हे शेकडो मुंबईकर कामगारांनी रोज डोळ्यांनी पाहिलं. सुट्या भागांचा बाजार उभा राहायला दुकानांइतकीच या ज्ञानाची गरज असते.

मग दुसरं महायुद्ध आलं. बोटी लष्करी सामान वाहू लागल्या, पेट्रोलवर रेशन बसलं, मोटारींच्या मागे कोळशाच्या गॅसचे बंब लागले. नवे भाग मिळेनात तेव्हा जुने उपसून, भरून, घासून वापरण्याची सवय लागली. युद्ध संपलं आणि चित्र एकदम फिरलं. दोस्त सैन्याने मागे टाकलेल्या जीपा, डॉज आणि शेव्हरोले ट्रक, इंजिनं, टायर, ग्रीसमध्ये बुडवून मेणकागदात गुंडाळलेले भाग सरकारच्या डिस्पोजल खात्यामार्फत लिलावात निघाले. लिलाव लॉटचा असायचा. पेटीत काय आहे ते उघडल्याशिवाय नीट कळत नसे, आणि उघडल्यावरही ते कुठल्या गाडीचं हे ओळखायला नजर लागे. ज्याला ओळखता आलं त्याने वजनाच्या भावात घेतलेलं नगाच्या भावात विकलं. पुढच्या सगळ्या बाजाराची रीत इथेच पडली असं म्हणायला हरकत नाही.

याच सुमारास कुर्ल्याला एक कारखाना उभा राहत होता. 1882 साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी जहाजं केली, विमानाच्या कारखान्याची मुहूर्तमेढ रोवली, आणि 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. क्रायस्लरशी करार करून 1947 मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. पन्नाशीच्या दशकात फियाट आली. मुंबईच्या रस्त्यावर तिला लगेच टोपणनाव मिळालं, ‘डुक्कर फियाट’. पुढे सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट अशी रूपं बदलत ती सत्तरीच्या दशकात ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली. पत्रा थोडा बदलला, इंजिन मात्र तेच 1,089 सीसीचं राहिलं. ज्या गाडीला वाहनपत्रकारांनी ‘जुनाट’ म्हणून हिणवलं, तिच्या याच जुनाटपणाने मुंबईला स्वस्त सुटे भाग दिले. त्याकडे येऊच.

1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालावरून सरकारने धोरण ठरवलं: ज्यांना टप्प्याटप्प्याने इथेच गाडी बनवायची आहे त्यांनीच राहावं. नुसती जुळवाजुळव करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. पुढे परकीय चलनाची चणचण भासू लागली आणि 1957 नंतर आयातीचं दार जवळजवळ बंदच झालं. उरल्या तीन देशी गाड्या: कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबेसेडर, कुर्ल्याची फियाट, मद्रासची स्टँडर्ड. नवी गाडी हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं. 1959 च्या नियंत्रण आदेशानुसार मिळालेली गाडी दोन वर्षं विकायलाही बंदी, कारण जुनी गाडी नव्यापेक्षा महाग विकली जात होती. अशा काळात गाडी मोडीत काढायची कल्पनाही कुणाच्या मनात येत नसे. गाडी टिकवायची म्हणजे भाग हवेत. भाग हवेत म्हणजे परवाना हवा.

परवान्याच्या राज्यात एक प्रजाती जन्माला आली: ‘एस्टॅब्लिश्ड इम्पोर्टर’. निर्बंध येण्यापूर्वी ज्याने जितका माल मागवला होता, त्या हिशेबात त्याला पुढचा कोटा. म्हणजे एकेकाळी शेव्हरोलेचे गिअर मागवलेल्या पेढीच्या हाती आता नुसता व्यापार उरला नाही, हक्क आला. आयातीचा परवाना हा स्वतःच एक माल झाला आणि त्यावर प्रीमियम चढू लागला. मग अमेरिकन गाडीच्या क्लच प्लेटची किंमत ना डेट्रॉइटमध्ये ठरत होती, ना बोटीच्या भाड्यावर. ती ठरत होती दिल्लीतून आलेल्या कागदावर. गिरगावातला डॉजवाला टॅक्सीमालक त्या कागदाची किंमत भरत होता, हे त्याला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. त्याला फक्त भाव चढल्याचं कळत होतं.

त्या काळातलं दुकान डोळ्यांसमोर आणून पाहण्यासारखं आहे. दर्शनी भाग दोन माणसं उभी राहतील एवढा. मागे उंच फळ्या, वर पोटमाळा, त्याला टेकवलेली शिडी आणि शिडीवर अर्धा लटकलेला पोऱ्या. गल्ल्यावर शेठ, समोर बोटांच्या तेलाने पारदर्शक झालेलं पार्ट्स बुक. गिऱ्हाईक वर्तमानपत्रात गुंडाळलेला मोडका तुकडा काढून ठेवतो, कारण इथला पहिला नियम ‘नमुना आणा’. शेठ तो हातात फिरवतो, व्हर्नियर लावतो, वर बघून एक नंबर पुकारतो. डबा खाली येतो. त्याच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने चारपाच अक्षरं लिहिलेली असतात. ती गिऱ्हाइकाला निरर्थक वाटतात, पण तीच खरेदीची किंमत असते. एकही अक्षर दोनदा न येणारा दहा अक्षरांचा एक शब्द पेढीने ठरवलेला असतो. पहिलं अक्षर एक, दुसरं दोन, असं शेवटचं शून्यापर्यंत. गल्ल्यावर बसलेला पुतण्याही ती अक्षरं वाचून किती खाली उतरायचं ते ठरवतो. घासाघीस करणाऱ्याला वाटतं आपण शेठला दमवलं. तळाची ओळ त्याच्या नाकासमोर लिहिलेली असते.

दुकानात नवीन मिळालं नाही तर लेथवाल्याकडे जायचं. सिलिंडर झिजला तर बोअर करून मोठा करायचा आणि ओव्हरसाइझ पिस्टन घालायचा: आधी वीस थाउ (इंचाचे वीस हजारांश), मग चाळीस थाउ. तेही संपलं तर स्लीव्ह ठोकून पुन्हा स्टँडर्डवर यायचं. क्रँक घासायचा, जाड बेअरिंग शेल टाकायचे. एका इंजिनाची अशी तीन-चार आयुष्यं होत. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या टर्नरने नमुन्यावरून गिअर कापून द्यावा आणि तो घाटात चालावा, यात त्या काळी कुणाला चमत्कार वाटत नव्हता. टंचाईने शिकवलेलं हे कसब पुढे महाराष्ट्राच्या फाउंड्र्यांना आणि मशीन शॉपना उपयोगी पडलं, पण गाडीमालकाच्या दृष्टीने तो सगळा खर्च मजुरीचा होता. धातू स्वस्त, हात स्वस्त, फक्त नवा डबा महाग.

डबा देशातच भरला जाऊ लागला तेव्हा चित्र बदललं. मद्रासला पिस्टन, बंगळूरला मायकोचे प्लग, पुढे पुण्यात भारत फोर्जचे घडीव भाग. सरकारने बरेच छोटे भाग लघुउद्योगांसाठी राखून ठेवले. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीत कारखाने आले तसे त्यांना माल पुरवणारे शेकडो छोटे शेडवाले आले. आता कंपनीच्या गाडीत बसणारा भाग कंपनी स्वतः बनवत नव्हती. बनवणारा तिसराच होता, आणि त्याच्याकडे साचा होता. कंपनीला द्यायच्या मालाबरोबर थोडा जास्त माल निघाला, किंवा तपासणीत नापास झाला, तर तो कुठे जाणार? पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसला. बाजारात मालाच्या जाती पडल्या त्या अशा: कंपनीचा, मेकरचा, लोकल आणि डुप्लिकेट. ‘कंपनीचा’ म्हणजे मोटार कंपनीच्या डब्यातला. ‘मेकरचा’ म्हणजे तोच भाग, पण ज्याने बनवला त्याच्या स्वतःच्या डब्यात. या दोन जातींमधला फरक ओळखणं ही मुंबईच्या मेकॅनिकची खरी विद्या.

आणि ती विद्या फुकट नव्हती. मालकाने पैसे द्यायचे, भाग मेकॅनिकने आणायचा, दुकानदाराने मेकॅनिकला त्याचं कमिशन पोहोचवायचं. मालक हुशारीने स्वतः दुकानात गेला तर त्याला तो कमिशनसह भाव सांगितला जाई, कारण उद्या मेकॅनिक येऊन विचारणारच. सचोटीच्या नजरेने बघितलं तर ही लबाडी आहे. पण चुकीचा भाग आला तर परत नेऊन बदलून आणणाराही तोच मेकॅनिक असतो, हे लक्षात घेतलं तर ही एक प्रकारची विम्याची रक्कम होती, आणि अनेक मालक ती जाणूनबुजून भरत.

चोर बाजाराबद्दल मुंबईत इतके किस्से आहेत की खरा व्यवहार त्यांखाली झाकला जातो. गाडीची व्हीलकॅप सकाळी चोरीला गेली आणि दुपारी मटन स्ट्रीटवर मालकाने तीच विकत घेतली, ही गोष्ट प्रत्येकाच्या कुठल्या ना कुठल्या काकांची असते. रात्री गाडी उभी करताना वायपर काढून घरात नेणारे लोक मात्र खरोखर होते. पण भेंडी बाजार, दोन टाकी आणि नागपाड्याच्या परिसरात चालणारा मोठा धंदा भंगाराचा आणि गॅरेजचा होता: लिलावात निघालेल्या, अपघातात चुरडलेल्या, मालकाने टाकून दिलेल्या गाड्यांचा. चोरीच्या मालाचं सावट मात्र या धंद्यावरून कधी हललं नाही. मेरठचा सोतीगंज बाजार 2021 च्या डिसेंबरमध्ये पोलिसांनी बंद केला तो याच कारणाने. स्वस्त भावाची चौकशी करणाऱ्याने बिल मागितलं पाहिजे ते करासाठी नव्हे, यासाठी.

आता पद्मिनीकडे. सत्तरीपासून मुंबईची काळी-पिवळी म्हणजे फियाट हे समीकरण झालं. नव्वदीच्या दशकात शहरातल्या टॅक्सींची संख्या साठ हजारांच्या घरात गेली, आणि त्यातल्या बहुतेक एकाच जातीच्या. असा बाजार पुरवठादाराला स्वप्नात मिळत नाही. हजारो गाड्या, रोज दोन पाळ्यांत चालणाऱ्या, खड्ड्यांतून जाणाऱ्या, आणि वर्षानुवर्षं न बदललेला आराखडा. किंगपिन, बुश, शॉकअप, डेल्कोचं झाकण, सायलेन्सर: प्रत्येक वस्तू डझनावारी छोटे कारखानदार बनवू लागले. साच्याचा खर्च कधीच वसूल झालेला. टॅक्सीवाल्याला परवडेल एवढाच भाव लावावा लागे, कारण एका पैशाचा फरक त्याला नाक्यावरचा दुसरा टॅक्सीवाला संध्याकाळपर्यंत सांगत असे. टॅक्सी स्टँड हे या शहरातलं सर्वांत कार्यक्षम भावपत्रक होतं. भाग स्वस्त म्हणून टॅक्सीला फियाट, आणि टॅक्सी फियाट म्हणून भाग स्वस्त.

उलट बाजू ज्यांनी भोगली ते वेगळ्या गाड्यांचे मालक. प्रीमियरनेच 1985 मध्ये 118 एनई आणली: अंग फियाट 124 चं, इंजिन निस्सानचं. गाडी दिसायला पद्मिनीपेक्षा कितीतरी नवी, पण नाक्यावरच्या दुकानात तिचे भाग पद्मिनीसारखे लोंबत नसत. नव्वदीत प्रीमियरने प्यूजोशी भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यातून प्यूजो 309 काढली. कामगार संघर्ष आणि भागीदारांचे वाद यांत 1997 पर्यंत सगळं आटोपलं, आणि हजारो मालकांच्या दारात अनाथ गाडी उभी राहिली. कंपनी नाही, डीलर नाही, डबाच नाही. यातून डिझेलवाल्यांना एक अनपेक्षित दार उघडलं. 1998 च्या सुमारास मारुतीने झेन डिझेल आणली आणि तिच्यात प्यूजोचंच टीयूडी-5 इंजिन, 1,527 सीसीचं, 309 डिझेलमध्ये होतं तेच. फ्रेंच गाडीच्या मालकाला आता मारुतीच्या काउंटरवर जाता येत होतं, अर्थात हे कुणीतरी त्याला सांगितलं तर. सांगणारा मेकॅनिक भेटला त्याची गाडी चालली, ज्याला नाही भेटला त्याची भंगारात गेली.

मारुती आली ती 14 डिसेंबर 1983 ला, 47,500 रुपयांची. तिने गाडीच बदलली असं नाही, डबाही बदलला. सुट्या भागांना स्वतःचा ब्रँड, सीलबंद पाकीट, छापील एमआरपी आणि गावोगावचे सर्व्हिस सेंटर. ऑपेरा हाऊसच्या शेठला पहिल्यांदा असा माल विकावा लागला ज्याची किंमत गिऱ्हाईक स्वतः वाचू शकत होतं. पेन्सिलीची अक्षरं निकामी झाली. पण मारुती 800 चं 796 सीसीचं इंजिन ओम्नीतही होतं, आणि दोन्ही गाड्या लाखांनी खपल्या, म्हणजे टॅक्सी-फियाटचंच गणित देशभर पुन्हा मांडलं गेलं. काही वर्षांत मारुतीचे ‘लोकल’ भाग दिल्लीच्या कश्मीरी गेटहून आणि राजकोटहून ट्रान्सपोर्टने मुंबईत येऊ लागले. मुंबईच्या हद्दीत शिरताना जकात लागे, म्हणून बऱ्याच मालाची गोदामं भिवंडीत राहिली. 2017 मध्ये जीएसटी येऊन जकात गेली तरी गोदामं तिथेच आहेत.

दरम्यान बाजाराचं वजन दक्षिण मुंबईतून उत्तरेकडे सरकलं होतं. ऑपेरा हाऊसला हिऱ्यांचा व्यापार आला, जागेचे भाव चढले. गाडी कापायला, दरवाजे रचायला, बंपर टांगायला जागा उरली नाही. ती कुर्ल्यात होती. कुर्ल्याहून कलिन्याकडे जाणाऱ्या सीएसटी रोडच्या नावाचा बोरीबंदरच्या स्टेशनशी काही संबंध नाही. 1928 मध्ये ट्रॉम्बे ते अंधेरी अशी सुमारे तेरा किलोमीटरची ‘सेंट्रल साल्सेट ट्रामवे’ सुरू झाली आणि 1934 मध्ये बंद पडली. रूळ गेले, नाव रस्त्याला चिकटलं. एका मरून गेलेल्या वाहतुकीच्या वाटेवर मेलेल्या गाड्यांचा बाजार भरावा, हा योगायोग मुंबईलाच शोभतो. इथे गाडी ‘कापली’ जाते: आधी काचा आणि दिवे, मग दरवाजे, सीट, डॅशबोर्ड, शेवटी इंजिन आणि गिअरबॉक्स. पुढचा अर्धा भाग अखंड हवा असेल तर ‘हाफ-कट’. जुना दरवाजा शोरूमच्या नव्या दरवाजापेक्षा स्वस्त पडतो हे खरं, पण जाणता माणूस रंगही जुळवून मागतो. रंग जुळला तर पेंटरचे पैसे वाचतात आणि खरी बचत तिथे असते.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी सीएसटी रोडलाच छेदून जाते. कुर्ला-कलिना पाण्याखाली गेलं. बाजाराचा माल बुडाला, आणि त्याच वेळी शहरभर बुडालेल्या गाड्या विमा कंपन्यांनी ‘टोटल लॉस’ ठरवून विकायला काढल्या. त्यानंतर स्वस्त भागांची लाट आली. पत्रा, काच, बिजागऱ्या यांना पाण्याने फारसं बिघडत नाही. वायरिंग, सेन्सर, स्टीअरिंगमधली एअरबॅग यांना बिघडतं, आणि ते वरून दिसत नाही. स्वस्ताईची एक मर्यादा इथे स्पष्ट सांगून टाकावी: ब्रेक पॅड, टाय रॉड एंड, एअरबॅग यांच्यासाठी घासाघीस करत हिंडणाऱ्याला शहाणा म्हणता येणार नाही.

डब्याचं रहस्य सरकारी कागदावर उघडं पडलं ते 2014 मध्ये. एका ग्राहकाने 2011 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती की काही मोटार कंपन्यांचे सुटे भाग खुल्या बाजारात मिळूच दिले जात नाहीत. चौकशीची व्याप्ती वाढत गेली आणि 25 ऑगस्ट 2014 ला आयोगाने 14 कंपन्यांना मिळून 2,544 कोटी 65 लाख रुपयांचा दंड ठोठावला. चौकशीत दिसलं ते ऑपेरा हाऊसच्या कुठल्याही शेठला नवं नव्हतं: भाग बनवणारा पुरवठादार वेगळाच असतो, पण मोटार कंपनीशी केलेल्या करारामुळे तो तोच भाग स्वतःच्या डब्यात घालून बाजारात विकू शकत नाही, स्वतंत्र गॅरेजला भागही मिळत नाहीत आणि तपासणीची उपकरणंही. प्रकरण अपिलात गेलं, दंडाच्या हिशेबावर वाद रंगले. पण ‘कंपनीचा’ आणि ‘मेकरचा’ यांतली फट केवळ बाजारगप्पांची नाही, हे निकालपत्रात नोंदलं गेलं.

त्याच वर्षांत रस्त्यावर एक मजेशीर स्थिती होती. फियाटचं 1,248 सीसीचं डिझेल इंजिन पुण्याजवळ रांजणगावला आणि हरयाणात मानेसरला बनत होतं. फियाट त्याला मल्टिजेट म्हणे, मारुती डीडीआयएस, टाटा क्वाड्राजेट. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया या वेगवेगळ्या नाकांच्या गाड्यांच्या बॉनेटखाली एकच घराणं. स्विफ्ट सगळ्यांत जास्त खपलेली, म्हणून तिचे भाग सगळ्यांत सहज मिळणारे. पुंटोच्या मालकांनी ते लवकर हेरलं आणि फिल्टरपासून इंजिनाच्या आतल्या भागांपर्यंत मारुतीच्या काउंटरवर चौकशी सुरू केली. सगळंच जुळत नाही. याच इंजिनाची 75 आणि 90 अश्वशक्तीची रूपं टर्बोपाशीच वेगळी होतात. म्हणून नंबर ताडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. 2020 मध्ये बीएस-6 चे नियम आले आणि मारुतीने डिझेल बंद केलं, पण ही इंजिनं अजून लाखोंनी धावताहेत आणि त्यांच्या भागांचा बाजार जोरात आहे.

पद्मिनीचं उत्पादन शतक उलटता उलटता थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची वयोमर्यादा भरली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. त्या बातमीवर शहराने बरेच उसासे टाकले. सुट्या भागांच्या दुकानदारांसाठी गोष्ट आधीच संपली होती: टॅक्सी कमी झाल्या तसे साचे बंद पडले, आणि एकेकाळी टोपलीत पडलेली वस्तू आता हौशी संग्राहकांसाठी वेगळी जपून ठेवली जाते.

आजचा दुकानदार नमुना मागत नाही, चॅसिस नंबर मागतो. सतरा आकडे-अक्षरं संगणकात टाकली की नेमका पार्ट नंबर निघतो, तो व्हॉट्सअ‍ॅपवर कश्मीरी गेटला जातो, चहा संपायच्या आत भाव येतो. गिऱ्हाईकही तोपर्यंत फोनवर तीन ठिकाणचे दर बघून बसलेलं असतं. 22 सप्टेंबर 2025 पासून सगळ्या सुट्या भागांवर जीएसटीचा एकच 18 टक्क्यांचा दर लागू झाला. त्याआधी बहुतेक भागांवर 28 टक्के होता. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक खात्याने 2022 मध्ये समिती नेमली, तिच्या कामात मोटारीही आहेत. या सगळ्याने डबा आणखी पारदर्शक व्हायला हवा. पण फट आता दुसरीकडे सरकली आहे. कुर्ल्यात कापलेल्या गाडीतून काढलेला ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, हुबेहूब तोच असतो, नंबरही तोच, तरी दुसऱ्या गाडीत घातला की ती सुरू होत नाही, कारण तो आधीच्या मालकाच्या चावीलाच ओळखतो. म्हणून सीएसटी रोडवर आता लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली पोरं दिसतात. ती ईसीयूचा भाव वेगळा सांगतात आणि कोडिंगचा वेगळा, आणि कोडिंगच्या भावात घासाघीस करायची तर त्यात किती वेळ जातो, काय लागतं, हे सध्या तरी त्यांनाच माहीत आहे.